पाय माझा, तारण त्याचं

नाही, पण मी म्हणतो, पाय कुणाचा होता? माझा! चप्पल कुणाची? माझी! खोडी कुणाची? तीही माझीच, नाकारतोय कुठे मी? मग तारण त्याचं कसं जाईल? तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुम्हीच सांगा. पाय माझा, पाप माझं, आणि स्वर्गाचं दार बंद झालं माझ्या साडूला... हा कुठला न्याय? आणि हे सगळं कुठे, तर हॉस्पिटलच्या वॉर्डात, ऑपरेशनच्या ऐन सकाळी, उपाशीपोटी! म्हणजे उपाशी तो. मी खाऊन गेलो होतो.

थांबा, साडू कोण ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच माझी बाजू घ्याल. माझ्या बायकोची धाकटी बहीण ज्याच्या गळ्यात पडली, तो. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. भाजीवाल्याचा काटा, सोनाराचा काटा, भंगारवाल्याचा काटा, सगळे ह्याच्या टेबलावर उताणे पडलेले. म्हणून मी त्याला काटेवाला म्हणतो. तर दिवसभर दुसऱ्यांचे काटे सरळ करता करता ह्या माणसानं एक काटा स्वतःच्या छातीतही बसवून घेतलाय. बायकोवर खेकसला, हलला काटा. शेजाऱ्याची नवी गाडी बघून जरा पोटात दुखलं, हलला! आणि काटा हलला की ह्याचं तोंड एवढंसं होतं आणि हा म्हणतो, "दादा, गेलं हो माझं तारण."

तारण म्हणजे, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शिकवतात ते असं, की येशूवर विश्वास ठेवला की पापांची क्षमा, माणूस देवाचा झाला, मेल्यावर त्याच्याच घरी. इथपर्यंत सगळे एका सुरात. पण देवाचा झालेला माणूस पुन्हा पापात घसरला तर? मिळालेलं तारण गेलं का राहिलं? झालं! इथे आमच्यात दोन तट, आणि दोन्ही तट एकाच बाकावर बसतात, त्यामुळे मधे बसणाऱ्याचे कान जातात. मधे मी बसतो.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, दर रविवारी शेवटी विचारतात, "ज्यांना आज आपलं जीवन प्रभूला द्यायचंय, त्यांनी पुढे या." नव्या माणसांसाठी असतं हो ते! पण उठतो कोण? काटेवाला! दर रविवारी! पाळक बिचारे ह्याच्या खांद्यावरून मान वाकडी करून बघतात, की मागे कुणी खरोखरचा नवा आहे का. मी एकदा वाटेत त्याची बाही धरून विचारलं, "काय रे, ह्या आठवड्यात काय केलंस?" तर म्हणतो, "दादा, ग्राहकाला बुधवारी देतो म्हणालो आणि गुरुवारी दिला." आता सांगा, ह्याला नरकात घेतील तरी का? दारावरचा माणूस हसेल!

तर ह्या काटेवाल्याच्या पित्ताशयात खडे झाले. डोळे पिवळे, नखं पिवळी, उशीच्या पिवळ्या खोळीत आणि ह्याच्यात फरक कळेना. सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं, "उद्या सकाळी काढायलाच हवं. आत फुटलं तर मग माझ्या हातात काही नाही." माझी मेहुणी रात्रभर प्रार्थना करून ह्याला ऑपरेशनला तयार करते, सकाळी हा शांत, क्षमा मागून झालेली, मन धुतलेलं, काटा शून्यावर. आणि तेवढ्यात मी पोचलो.

आता नर्स येते आणि म्हणते, "काका, वजन करायचंय, भुलीचं औषध वजनावर ठरतं." वॉर्डाच्या कोपऱ्यात तो उभा राहायचा काटा असतो ना, तबकडीवाला, त्यावर साडू उभा. तोंड तबकडीकडे, पाठ माझ्याकडे, आणि काट्याच्या फळीचा मागचा कोपरा अगदी माझ्या पायाशी... मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा! देवाला घाबरून सांगा! मी फक्त अंगठा टेकवला. मग तळवा. मग जरा रेललोच.

नर्स म्हणाली, "शहात्तर."

साडू म्हणाला, "काय?"

"शहात्तर, काका."

अहो, जगातल्या कुणालाही काट्यानं फसवता येईल, पण काटेवाल्याला? तो तिथेच तापला. "मी काल घरच्या काट्यावर बासष्ट भरलोय! तो काटा मी स्वतः लावलाय! तुमचा काटा खोटा, तुम्ही खोट्या, तुमचं हॉस्पिटल खोटं!" नर्स म्हणते, "काका, मला कशाला खोटं बोलायचंय?" हा म्हणतो, "खोटारड्या आहात तुम्ही!" आणि खाली वाकून स्प्रिंग बघायला जातो तर काय, माझी चप्पल!

इतकी वर्षं मला "अहो दादा" म्हणणारा माणूस, एका उडीत "अरे"वर आला आणि पुढे जी शिवी दिली! ती मी तुम्हाला सांगणार नाही, बायाबापड्या बसल्यात. एवढंच सांगतो, की तिच्यात माझे आजोबा होते आणि एक गाढवीण होती. सासरकडून द्यायची सोयच नाही, आमचं सासर एकच ना! पण काय आवाज! शेजारच्या खाटेवरचा ट्रक ड्रायव्हर, पाय प्लास्टरमध्ये टांगलेला, तो झोपेतून उठून टाळ्या वाजवायला लागला.

मी हसतोय, ड्रायव्हर हसतोय, नर्स मात्र माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आजोबा, हे लक्षात आलं नसतं आणि भूल जास्त झाली असती तर?" तेव्हा माझं हसू जरा... असो. मी काढलाच असता हो पाय! पण तोवर इकडे साडू खाटेवर मटकन बसला होता. "गेलं. खोटा आळ घेतला, शिवी दिली, आणि तीही भूल घ्यायच्या आधी. मी टेबलावर गेलो तर तसाच जाणार वर. दादा, मी ऑपरेशन करून घेणार नाही. आधी पाळकांना बोलवा."

पाळक कुठे? पाळक परगावी, कुणाचं तरी लग्न लावायला! फोन बंद. मेहुणी रडायला लागली, मधेच माझ्याकडे बघे आणि रडणं थांबवून दात खाई, मग पुन्हा रडे.

पण आमच्या मंडळीतली दोन माणसं प्रार्थनेला आली होती. दोघांची नावं नकोत, धंदेच सांगतो. एक शिंपी आणि एक निवृत्त हेडबाई. हेच ते दोन तट! शिंपी पुढे झाला, "अहो काटेवाले, देवानं एकदा शिवलं की शिवलं! तो काय माझ्यासारखा कच्चा टाका घालतो? उसवायचं नाही ते!" मी म्हटलं, ऐक! राहिलं! तर हेडबाई चष्मा वर सारून, "एका दमात सांगू नका. आधी पास झाला म्हणून पुढच्या वर्गात उनाडक्या चालतात? शास्त्रात इशारे काय शोभेला दिलेत?" की लगेच साडू आडवा! शिंप्यानं बायबलातलं एक वचन काढलं, साडू उठून बसला. हेडबाईंनी दुसरं काढलं, साडू निजला. शिंपी, उठला! हेडबाई, निजला! अहो, ऑपरेशनआधी एवढा व्यायाम बरा का त्या माणसाला?

तेवढ्यात ड्रायव्हर टांगलेल्या पायावरून म्हणतो, "भांडता कशाला? पुन्हा वजन करा की! काही गेलं असेल तर कमी भरेल." आणि तुम्हाला सांगतो, घाबरलेल्या माणसाची अक्कल बघा, साडू खरंच जाऊन काट्यावर उभा राहिला! नर्स म्हणाली, "बासष्ट."

"बघा! कमी झालं! गेलं!"

मी म्हटलं, "अरे शहाण्या, मघाशी माझा पाय होता!"

तर रडत म्हणतो, "ते मलाही कळतं दादा. पण त्यात तुमच्या पायाचं किती आणि माझ्या तारणाचं किती, ते कोण सांगणार?"

आता हा हिशेब कुठल्या काट्यावर करायचा? सांगा ना!

दारात सर्जनबाई. "काय चाललंय? पाच मिनिटांत येणार असाल तर या, नाहीतर मी दुसरा पेशंट घेते. आणि संध्याकाळपर्यंत हे पित्ताशय वाट बघेल की नाही, मी सांगू शकत नाही." आणि गेल्या. मेहुणीनं पदर तोंडात धरलेला. मी साडूचं तोंड बघितलं, पिवळं, ओलं, आणि मी खरंच घाबरलो. कारण हा गेला तर... म्हणजे, एवढी वर्षं जोपासलेला साडू! असा फसणारा माणूस ह्या वयात मला दुसरा कुठे मिळायचा?

मी त्याच्या शेजारी बसलो. तो सरकला. त्याला वाटलं, उशीखाली काहीतरी ठेवलंय मी.

मी म्हटलं, "काटेवाल्या, तू माझा साडू कधी झालास?"

"लग्न झालं तेव्हा."

"त्यासाठी तू काय केलंस? परीक्षा दिलीस? वजन भरलंस?"

"काय करणार? उलट तुम्हाला बघून मी लग्न मोडायला निघालो होतो."

"बरं. मग इतक्या वर्षांत मला शिव्या किती दिल्यास?"

"तोंडानं आजची पहिलीच."

"आणि मनात?"

खाली बघून म्हणतो, "दादा, ते मोजायचा काटा माझ्याकडे नाही."

"मग सांग, साडूपण गेलं का राहिलं?"

पार सुटकेची वाट शोधून आला हो तो, आणि सुस्कारा टाकून म्हणाला, "राहिलं... दुर्दैवानं."

"अरे, मग माझ्यासारख्या माणसाचं नातं तुझ्या आजच्या शिवीनं तुटेना, आणि ज्यानं तुझ्यासाठी जीव दिला त्याचं तुटेल? तो काय माझ्यापेक्षा कमी चिकट आहे?"

शिंपी "आमेन!" म्हणून ओरडला. हेडबाईंनी बोट वर केलं, मी म्हटलं मेलो! म्हणाल्या, "तो सोडत नाही, कबूल. पण माणूसच हात झटकून पळाला तर?" आणि प्रश्न खरा आहे हो, मी काही नाकारत नाही. मी म्हटलं, "बाई, पळणारा माणूस असा रडत बसतो का?" त्यांनी साडूकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला. आणि वर्गात नापास पोराला वर काढावं तशा आवाजात म्हणाल्या, "नर्सची माफी मागा आणि जा. तुमचं राहिलंय." मग माझ्याकडे वळून, "तुमची मात्र मला काळजी आहे." आणि शिंपी काय म्हणाला असेल? म्हणाला, "काळजी कसली बाई? जायला आधी मिळालेलं लागतं!" जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि तेही माझ्यावर!

साडूनं नर्सची माफी मागितली, गेला टेबलावर. मी बाहेर बाकावर. विनोद एकही सुचला नाही, सांगतो ना, एकही. दुपारी त्याला बाहेर आणलं, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. आम्ही सगळे वाकलो, म्हटलं प्रार्थना करतोय. तर हळूच म्हणतो, "पाय काढ रे..." आणि पुढे आजोबा, गाढवीण, अख्खी शिवी! हेडबाई थिजल्या. साडूनं डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्याला कळलं. आम्ही श्वास धरून उभे, आता निजतो का उठतो... तर हसला! म्हणाला, "माफ कर देवा. राहिलंय." आणि घोरायला लागला.

तेव्हापासून हा रविवारी उठत नाही. मजेत बसतो बाकावर, टाळ्या वाजवून गातो. आणि पाळक "पुढे या" म्हणाले की सगळी मंडळी वळून कुणाकडे बघते? माझ्याकडे! बायको कोपरानं ढोसते, "जा की." परवा माझ्या पायाला मुंग्या आल्या म्हणून जरा उभा राहिलो. फक्त पाय झटकायला हो! तर बायको हुंदका देऊन, "अखेर!" शिंप्यानं गाणं सुरू केलं, हेडबाई रुमाल शोधायला लागल्या, आता खाली कसा बसू? गेलो पुढे. गुडघे टेकले. मागून साडूही आला, माझ्यासाठी प्रार्थना करायला. मला भरून आलं. पाळकांनी माईक माझ्या तोंडाशी धरला, "आजोबा, मनातलं बोला."

आणि साडूनं माझ्या अंगठ्यावर पाय दिला. टाच! बुटासकट! अख्खे बासष्ट किलो!

माईक चालू होता. आजोबा, गाढवीण... काही राहिलं नाही.

हेडबाई म्हणतात गेलं. शिंपी म्हणतो राहिलं, पण हल्ली म्हणताना चाचरतो. बायको म्हणते, होतं कधी? साडू तेवढा घरी येऊन मलम लावून गेला. म्हणाला, "दादा, तुमचं राहिलंय, काळजी करू नका." आता ह्या माणसावर विश्वास ठेवायचा म्हणजे... ठेवतो, काय करणार? तारण राहिलं असेल. अंगठ्याचं नख मात्र गेलं.