शीदोरुचे दोन ग्लास

सांगतो तुम्हाला, आपण नको ते तपासत बसतो. भूकंपात अणुभट्टी फुटली, त्यानंतरचा पहिलाच हिवाळा होता आणि माझ्या बायकोला, मेधाला, सहावा महिना होता. त्सुकुबाच्या माझ्या ऑफिसातल्या जपानी सहकारी एंदो-साननी आम्हाला त्यांच्या वडिलांच्या सफरचंदाच्या बागेत पाठवलं. म्हातारबुवांनी आपल्या वडिलांनी लावलेली जुनी झाडं दाखवली. म्हणाले, "या जातीचं फळ नुसतं खायला फार आंबट. म्हणून मी त्याचं शीदोरु करतो." आम्हाला वाटलं, सरबत असेल.

घरात दोन ग्लास समोर आले. मेधा मराठीत पुटपुटली, "अरे, रेडिएशनचं विचार ना!" मी तोंड उघडायच्या आत म्हातारबुवांनी खिशातून तपासणीचा कागद काढून समोर ठेवला. त्यात काहीच सापडलं नव्हतं. मी ओशाळलो.

"पी आता," मी मेधाला म्हटलं.

तिने जाडजूड कोट काढला, तसं पोट दिसलं, आणि तिने ग्लास उचलला. म्हातारबुवांनी तो चक्क तिच्या हातातून काढून घेतला.

"बाळ आहे? मग नको. ही दारू आहे!"

ते शांतपणे तिच्यासाठी चहा ओतायला लागले.

"भूकंपापासून सगळे कागदच मागतात," ते म्हणाले. "पेय कसलं आहे, हे कुणी विचारतच नाही."