सात लिंबं आणि रिकामा देव्हारा

…नाही, नाही, मी म्हणतो, घर विकायचं म्हणजे आधी घरातून घरच काढून टाकायचं? तुम्हाला सांगतो, संगमनेरात चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवतोय, शिक्षण सातवी, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. आता आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आमच्या सत्यशीलाचे गुडघे असे, की भाजीला उतरली तर जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसते. म्हणून तळमजल्यावरचं एक घर हेरून ठेवलंय, त्याचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबतो म्हणाला, तेवढ्यात आपलं विकलं गेलं पाहिजे. एवढी साधी गोष्ट! पण मध्ये आला एजंट, सुनील.

"काका, होम स्टेजिंग करावं लागेल."

म्हटलं, नाटक बसवायचंय का?

"तसंच समजा. घरात तुम्ही राहता असं वाटायला नको."

पंचवीस वर्षं राहतोय, ते लपवायचं! संशय येणार नाही माणसाला? म्हणे वडिलांचा हार घातलेला फोटो उतरवा, गिऱ्हाईक दचकतं, माठ हलवा, देव्हाऱ्यातले देवही काढा, कुठल्याही धर्माची पार्टी येईल. सत्यशीला म्हणाली, "ऐका हो त्याचं, माझ्या गुडघ्यांसाठी तरी." मग काय, देव गेले दुकानात, हंड्यांच्या मागं. आणि टेबलावर ह्यानं काय मांडलं? काचेच्या वाडग्यात पिवळीधमक लिंबं! "फ्रेश वाटतं, काका." अहो, पातेल्याला पोचा आला की मी पोच्याची बाजू भिंतीकडं करून ठेवतो, हा माझ्या घराचा कुठला पोचा झाकत होता? संशय येणार नाही माणसाला?

रविवारी पार्टी आली. कोल्हारचे गहिनीनाथ मास्तर, मुलीला इथं कॉलेजात घालायचं म्हणून घर बघतायत, बरोबर त्यांची आई रतनबाई. पंच्याहत्तरीची बाई तीन मजले चढून आली आणि धाप म्हणून नाही! मास्तर तर हंडा वाजवून घेतात तशी एकेक भिंत वाजवत सुटले. वाजवा म्हटलं. पण रतनबाई देव्हाऱ्यापुढं थबकल्या.

"व्हय ओ बाई, देव कुटं गेलं?"

सत्यशीला बोलून गेली, "दुकानात."

"आन् ही लिंबं? मोजून सात? गैनी, चल माघारी! देव गेल्यात पळून अन् लिंबं बसल्यात राखनीला!"

सुनील म्हणतोय, "आजी, ते डेकोरेशन आहे."

"मग तूच खा की त्यातलं एक!"

सुनील दोन पावलं मागं! ज्यानं मांडली तोच मागं सरकतोय म्हटल्यावर… संशय येणार नाही माणसाला? अहो, मलासुद्धा आला!

शेवटी सत्यशीला उठली, सातही लिंबं चराचरा कापली, सरबत केलं, सगळ्यांदेखत आधी स्वतः ग्लासभर प्यायली. आणि मी, तीन मजले खाली, दुकान, परत तीन मजले वर, कुशीत देव घेऊन! देव जागेवर बसले, रतनबाईंनी हात जोडले, "आता कसं, घर वाटतंय," म्हणाल्या, दोन ग्लास सरबत प्यायल्या. आणि मास्तर शांतपणे म्हणाले, "आम्हाला पसंत आहे. तुम्ही म्हणाल ती किंमत."

घ्या! कमी करा नाही, बघा की काहीतरी नाही… अहो, आमच्याकडं एक झारा घेणारी बाईसुद्धा दोनदा पायऱ्या उतरून दोनदा परत येते! चाळीस वर्षांत घासाघीस न करता घेणारं एकच गिऱ्हाईक आलं, त्याची नोट खोटी निघाली. संशय येणार नाही माणसाला? माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन दिवस विचार करून सांगतो." सत्यशीलानं कपाळावर हात मारला.

दोन दिवसांनी मीच फोन केला. मास्तर म्हणाले, "आईचं म्हणणं पडलं, मागितलेली किंमत मिळतेय आणि मालकच कचरतोय, म्हणजे घरात नक्की काहीतरी आहे. आम्ही दुसरीकडं ठरवलं."

महिना संपायला आता नऊ दिवस राहिले. दुसरी पार्टी आज यायची होती. देव जागेवर, फोटो जागेवर, लिंबं फ्रीजमध्ये. म्हटलं, सुनील, आता काय हलवायचं राहिलं? त्यानं सत्यशीलाकडं बघितलं, सत्यशीलानं माझ्याकडं बघितलं, आणि माझ्याच चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या… नाहीतर तुम्हीच सांगा, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, घरचं गरम जेवण सोडून, मी इथं कट्ट्यावर तुमच्यापुढं कशाला बडबडत बसलो असतो?