पाचवी रंभा

...आणि टाळ्या तरी किती, तुमाला सांगतो! त्या टाळ्यांनीच घात केला. चुकलंच राव माझं!

आता बघा, गोष्ट पंचावन सालची, मी ज्योतीराम, साताऱ्याकडनं आलेला, पिंपरीच्या कारखान्यात बाटल्या धुणारा, ऱ्हायला काळेवाडीत. आमच्या कामगारांच्या रात्रशाळेत मारुतराव मास्तरांनी वादविवाद ठेवला. जगाची लोकसंख्या वाढतीया, करायचं काय? एका बाजूनं उद्धवराव, मिशीला पीळ देत, ‘पोरं देवाची देणगी! जगानं कशाला मोजावी?’ दुसऱ्या बाजूनं कोण? कुणी उठंना. मग मी उठलो! पाच पोरांचा बाप! बाह्या सावरल्या अन् गरजलो, ‘अडीचशे कोटी तोंडं झाली जगात! तीन पोरं बास! चौथं-पाचवं म्हंजी धरणीला भार!’ शाळा दणाणली. पहिला नंबर!

अन् पुढच्याच ओळीत कोण? आमची रंभा. आठ वर्साची. पाचवी!

घराशी आल्यावर बोटं मोजून म्हणती, ‘आबा, भार म्हंजी मीच न्हवं?’

चुकलंच माझं! जेवायला अर्धीच भाकरी घेतली पोरीनं, ‘जगाला पुरंना ना!’ आमच्या कारभारणीनं, दुर्गाबाईनं, माझ्याकडं असं बघितलं... ताटच सारलं बाजूला!

सकाळी पळत मास्तरांकडं. ‘माझं भाषण माघारी घ्या!’ ‘अहो, भाषण काय लुगडं आहे, रंग आवडला नाही म्हणून परत करायला? तालुक्याला निवड झालीय तुमची!’ घरी आलो तर दुर्गाबाई म्हणती, ‘जावा की. पर लेकीला म्होरं बसवून बोला.’

बसवली. तालुक्याच्या सभेत उभा ऱ्हायलो, तिच्याकडं नजर गेली, अन् पाठ केलेलं पार पुसलं! म्हणालो, ‘जगात माणसं लई झाली, पटतंय मला, आवराया पायजेच. पर जी आली त्यातलं माझ्या घरात एक बी जास्तीचं न्हाई!’ परीक्षक चष्मा काढून, ‘अहो, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?’ म्हणालो, ‘रंभेच्या!’

शेवटचा नंबर, तुमाला सांगतो! पर जीव कसा हलका झाला... वाटलं, पोर हरखंल. बघतो तर डोळं भरल्यालं. ‘काय गं?’ तर, ‘आबा, मी आली नसती तर तुमी जिंकला असतासा न्हवं?’

आता बोला! बोललो तवा चुकलं, फिरवलं तवा बी चुकलंच! म्हणलं, आता तोंडच उघडायचं न्हाई. गप चालाया लागलो... तर हळूच हात धरून म्हणती,

‘आबा, रागावलासा व्हय माज्यावर?’