कास्परची हातोडी आणि पावाची सुरी

मी, अम्ब्रोस त्रेश, वय एकसष्ट, धंदा डोंगरातले स्फटिक काढणे व उन्हाळ्यात गाई राखणे, राहणार गेशेनेन, ऊरी, स्वित्झर्लंड. माझी धाकटी बहीण रोझली बेपत्ता झाल्याबद्दल विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

रोझलीचा नवरा कास्पर बर्फ पडायच्या आधी स्फटिक काढायला गेला, तो परत आला नाही. शोधायला गेलेल्यांना खडकातल्या एका भेगेच्या तोंडाशी त्याची हातोडी तेवढी दिसली. ती कुणी उचलली नाही. आम्हा स्फटिक काढणाऱ्यांत भेगेत ज्याचं हत्यार, भेग त्याची. हत्यार ठेवलंय म्हणजे माणूस परत येणार.

रोझली हिवाळाभर त्याचं ताट मांडत होती. मी म्हटलं, "अगं, मेलेल्या माणसाला किती दिवस चीज-बटाटे वाढशील?" तर म्हणाली, "जिभेला काही हाड आहे का तुझ्या, दादा? हातोडी आहे ना तिथे?"

बर्फ वितळल्यावर, या सोमवारी मी ती हातोडी उचलून तिच्याकडे आणली. म्हटलं, एकदाची रडेल, मोकळी होईल. हिवाळाभर ओलीत पडलेली हातोडी, पण गंजाचा ठिपका नाही. दांडा कोमट होता. उन्हाने म्हणावं, तर तिथे ऊन पोचत नाही.

रोझली रडली नाही. "त्याची जागा मोडलीस तू. आता तो येईल कुठे?" एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरात हातोडी नव्हती आणि तीही नव्हती.

मी धापा टाकत वर गेलो. हातोडी होती तिथे परत ठेवलेली. शेजारी रोझलीची पावाची सुरी, मुठीवर तिच्या नावाची अक्षरं नुकतीच कोरलेली. भेग जेमतेम हातभर खोल, माणूस मावत नाही. मागच्या बाजूला एकच मोठा स्फटिक, पाण्यासारखा नितळ. त्याच्या पलीकडून ठोकल्याचा आवाज येत होता. दोघं ठोकत होते. कास्परचा हात मी ओळखतो. दुसरा हात नवशिक्याचा होता. मी तिला हाका मारल्या, तेव्हा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मला फार भीती वाटली.

साहेब विचारतात, पुरावा म्हणून सुरी का आणली नाही. अहो साहेब, एकदा उचलून काय झालं ते बघितलं ना! मी हात लावणार नाही आणि तुमच्या माणसांनीही लावू नये, हात जोडतो.

लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी सांगितलं तसंच आहे. फक्त वर बहीण 'बेपत्ता' लिहिलंय, तेवढं खोडा.