ड्रायव्हरच्या बाजूचं दार

गाड्या मुद्दाम एकमेकींवर आदळायच्या डर्बीसाठी पुरुषोत्तमराव ब्रिस्टलच्या घरामागे जुन्या क्रायस्लरचं दार वेल्ड करून बंद करत होते.

"बाबा, आपटायलाच न्यायची ना? मग आणखी एक पट्टी कशाला?"

"गाडी आपटू दे, आसावरी. ती चालवणारा डॅनियल चालत बाहेर आला पाहिजे. ऑफिसात माझ्याबद्दल काय सांगतेस?"

"रिटायर्ड इंजिनियर."

"तेही खरंच आहे म्हणा. चहा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने ती गाडी मैदानात उतरली. आसावरी मैदानाकडे पाठ करून चहाच्या रांगेत उभी होती. पुढे एक मराठी जोडपं होतं.

"अगं, त्या क्रायस्लरच्या थेट ड्रायव्हरच्या दारावर धडक बसली. हे अलाउड नाहीये ना?"

"नाही. चुकून बसली असेल. लाल झेंडा दाखवलाय बघ."

"हलतोय का तो?"

"थांब... खिडकीतून निघतोय. निघाला. चालतोय रे."

"आणि दार बघ, जरासुद्धा आत गेलं नाहीये. कुठल्या वर्कशॉपचं काम असेल?"

"मला काय विचारतोस, मी चिप्ससाठी आलेय."

आसावरी मैदानाकडे वळली.

"माझ्या बाबांचं," ती म्हणाली. "ते डर्बीच्या गाड्या बांधायचे."