पाचट कुणी पेटवलं

मंडळी, बायामाणसानं दुखवट्याच्या सभेत उठून बोलायची आपल्याकडं रीत न्हाई. पण आज बोलले न्हाई तर जन्मभर गिळत बसावं लागंल.

सगळ्यांनी ह्यांचं लय गुणगान केलं. आबा भावजी, तुमी ह्यांचे धाकटे भाऊ. तुमी आत्ताच म्हणालात, "दादानं पाचट जाळू दिलं न्हाई, त्याचं काम फुडं नेऊ." ऐकलं मी.

तोड झाली की उसाच्या वाळल्या पाल्याला काडी लावून आपण मोकळं व्हायचो. ह्यांनी तो सरीत पसरला, वर शेणकाला शिंपडला. तुमी हसलात. "दादा, उंदरांची वस्ती केलीत की!" मग माती भुसभुशीत झाली, पाणी कमी लागाय लागलं. तवा सगळ्यांनी देवळात भंडारा उचलून आण घेतली, पाचट जाळणार न्हाई म्हणून. उचलला का न्हाई?

आणि भावजी, फाल्गुनात भरदुपारी तुमच्या बांधाकडनं जाळ आला. तोडीनंतर फुटून आलेला आमचा खोडवा ऊस, कुजत आलेलं पाचट, सगळ्याची राख. भिजली पोती घेऊन पयले तुमीच धावलात. "कुणीतरी बिडी टाकली," म्हणालात.

पण त्याच दिवशी सकाळी ठिबकच्या नळ्या गुंडाळून घरी नेताना ह्यांनी तुमाला बघितलं होतं. तोड झाल्यावर नळ्या कशाला उचलत्यात? आपलं पाचट पेटवायचं असंल तर जाळात वितळू नयेत म्हणून. हे हितं कुणाला शिकवाय लागतं का?

मी म्हणाले, जाब विचारा. तर म्हणाले, "नको. भंडारा उचललेला माणूस हाय. यील, सांगंल. भाऊ हाय माझा." तुमी आलात की मला चहा ठेवाय सांगायचे. तुमी चहा प्यायचात, कारखान्याच्या गप्पा मारून जायचात. दवाखान्यात शेवटी मला विचारलं, "आबा काय बोलला का गं?" मी न्हाई म्हणाले. खोटं बोलाय पायजे होतं.

रानाचं मला काय वाटत न्हाई. मी पुन्हा पाला पसरीन. पण त्या माणसाला तुमी वाट बघाय लावलीत. घात केलात, भावजी. आणि मंडळी, तुमालाबी ठावं होतं. तुमी गप बसलात.

आता दोन मिनिटं उभं राहायचं म्हणत्यात. थांबा. आधी भावजींनी फोटोपुढं येऊन ह्यांना सांगावं. मग सगळे उभं राहू.

तवर मी हितंच उभी हाय.