निधान

नळदुर्गच्या पेट्रोल पंपावर रांग होती. मोटरसायकलवर सून पुढं, सासू मागं. माझ्या शेजारच्या बाप्याला ते बघवेना.

“मावशी, सुनेच्या मागं बसून हायवेला? भ्या न्हाय वाटत?”

“पयल्या दिवशी लई वाटलं. टरक दिसला की म्या मागनं वरडायची, निधान, निधान.”

“निधान म्हंजे?”

“आमच्या कानडीत सावकाश. तवा ही घाबरून पार कडंच्या मातीत गाडी घालायची.”

“आन् आता?”

“आता टरकाला हारन देती आन् मागं टाकती.”

“आत्या, आज उमरग्यापासनं एकदाबी निधान म्हणला न्हाईत,” सून म्हणाली.

“म्हणाया जागी कुठं व्हते? तुझ्या पाठीवर डोळा लागला.”